घर तापेना, काका ऐकेनात

सिंगापुरात पासिर रिसला एकांकडे सत्यनारायण होता. शेवटचा अध्याय चाललेला, बायका मागे हळू आवाजात बोलतायत, आणि एवढ्यात आमचे घरमालक काका उठले. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, चौरंगाला लागून मांडलं आणि चढले की त्यावर! मला वाटलं, पंखा कमी करायचा असेल. काकांनी भिंतीवरच्या एसीचं झाकण उघडलं, आतली जाळी खसकन ओढली आणि वर्षभराची धूळ खाली प्रसादाच्या शिऱ्यावर पडली. केळं घालून केलेला, तुपाने थबथबलेला शिरा तो! यजमानीणबाई किंचाळल्या. गुरुजींनी पोथीवर आडवा हात धरला. काका वरूनच म्हणाले, "ही जाळी बघा आधी! देव कसा थांबेल हो इथे? गुदमरेल!"

मी त्यांच्याबरोबरच आले होते, त्यामुळे सगळे काकांकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र शांतपणे उठल्या, पदर खोचला आणि यजमानीणबाईंना म्हणाल्या, "रवा आहे ना घरात? मी पटकन दुसरा करते." त्यांना अशा प्रसंगांची सवय होती. मला कधीच झाली नाही.

मी तेव्हा सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होते, बुरशीवर. क्लेमेंटीत काका-काकूंच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी ना नोकरी विचारली, ना इथे कामाचा पास विचारला. "झोपताना एसी कितीवर ठेवतेस?" एवढंच. मी म्हटलं, "बावीस." काकांनी काकूंकडे असं बघितलं की मी जसं काही घरात जुगाराचा अड्डा काढणार होते. "सव्वीस. आणि वर पंखा. जमत असेल तर राहा." मी नाशिकची, असलं ऐकून घ्यायची मला सवय नाही. उठणारच होते, पण तेवढ्यात काकूंनी गरम थालीपीठ आणि लोण्याची वाटी पुढे केली. राहिले. कामाचं ऐकून काकांनी त्याच दिवशी माझं बारसं केलं. "ए बुरशी, दार लाव, हवा चाललीये सगळी!" पुढे घरी येणाऱ्या लोकांनाही माझं खरं नाव माहीत नसायचं.

काका मूळचे कोकणातले. तरुणपणी इथे आले आणि उभं आयुष्य मोठमोठ्या इमारतींचे चिलर सांभाळण्यात घालवलं. अख्ख्या इमारती गार ठेवणारी यंत्रं ती, खोलीएवढाली. निवृत्त झाले, पण हात काही थांबेनात. घरात अर्धी चड्डी, बनियन आणि गळ्यात दोरीने अडकवलेली बॅटरी, असा अवतार. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराच्या आधी एसीखाली तळहात धरायचे. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी बसले होते, तर हे उभे राहून छताच्या झरोक्याला हात लावतायत आणि खाली बसलेल्या एका चिनी आजीबाईंना सांगतायत, "आंटी, यू चेंज सीट. हिअर एअर नो गुड." आजीबाई म्हणाल्या, "अंकल, यू सिट डाउन लाह! लेटर फॉल डाउन हाऊ?" अख्खा डबा हसला. मी पुढच्याच स्टेशनवर उतरले, माझं नसतानाही.

'वाटतं' या शब्दावर त्यांचा राग होता. "काका, आज जरा उकडतंय असं वाटतं," म्हटलं की संपलंच. "वाटतंय की उकडतंय? वाटण्याला मीटर नसतो, बुरशी. आकडा सांग." मला सर्दी झाली की "तुझा ड्रेन तुंबलाय." काकूंचे गुडघे दुखायला लागले की "बेअरिंग गेलंय." दिवसातून एकदा तरी ते काकूंवर ओरडायचे, कशावरूनही. फ्रिज उघडा ठेवला, रिमोट उलटा ठेवला, पंख्याच्या आधी दिवा लावला. मला भारी राग यायचा. मी मधे पडायला गेले की काकू डोळ्यांनीच 'राहू दे' म्हणायच्या. या घरात यंत्राला हात लावायचा तर काकांना विचारून, हा कायदाच होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्यांची एकुलती एक लेक लग्न करून हॉलंडला गेलेली. हिच्या लग्नात काकांनी काय केलं असेल? भर मंगलाष्टकांत हॉल गार होईना, म्हणून हे गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन तिथल्या माणसाशी भांडत बसले. खाली अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, टाळ्या झाल्या. वधूपिता आले ते हाताला ग्रीस लावून, "आता झालं गार!" म्हणत. काकूंनी मला अल्बम दाखवला होता. त्या क्षणाच्या एकाही फोटोत काका नाहीत. हे ऐकून मी काकूंना म्हटलं, "अहो, हद्द झाली!" काकू म्हणाल्या, "तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते गं त्यांच्याशी."

मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईने करायचं, म्हणून काकूंची जायची तयारी सुरू झाली. डिंकाचे लाडू, खसखस, वावडिंग, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, लंगोटांची चळत. काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मी नाही जाणार. मला थंडी सोसत नाही." मलाही ते खरं वाटलं. एके दिवशी मी काकूंना लाडू वळायला मदत करत होते, तेव्हा सहज म्हटलं, "काकांना एक जाड कोट घेऊन देऊ या की, येतील मग." काकूंचा हात थांबला. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "लेकीनेच सांगितलंय, बाबांना आणू नकोस. आले की घरातलं प्रत्येक मशीन उघडून बसतील, जावयाला शिकवतील आणि तुझ्यावर ओरडतील. मला या दिवसांत ते नको, म्हणाली. ह्यांना माहितीये. हे थंडीचं नाव पुढे करतात." मी पार गारच पडले. बाहेरच्या खोलीत काका पंख्याचं पातं पुसत होते. पहिल्यांदा मला त्या माणसाची दया आली, आणि त्या दयेचाही राग आला, कारण दया यावी असं ते एरवी काही वागत नसत.

तर आता हीट पंपाचं सांगते. लेकीच्या घरी पूर्वी गॅसचा बॉयलर होता, जुना पण तापायचा. काकांनी फोनवरून जावयाच्या मागे लागून लागून तो काढायला लावला. "हीट पंप लावा, हीट पंप! आपल्या एसीसारखाच, फक्त उलटा. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो." जावई सभ्य मुलगा, सासऱ्यांपुढे बोलायची त्याची हिंमत नाही. त्याने लावला. उन्हाळ्यात बसवला, फोटो पाठवला. मागच्या छोट्या अंगणात कोपऱ्यात बाहेरचं मशीन, स्वच्छ, मोकळं. काकांनी तो फोटो मोठा करून मला, शेजाऱ्यांना आणि खालच्या कॉफीशॉपवाल्यालासुद्धा दाखवला होता.

काकू तिकडे पोचल्या आणि बाळ वेळेच्या आधीच आलं. मुलगी. वजन कमी होतं, काही दिवस हॉस्पिटलातच ठेवली आणि मग घरी पाठवली. घरी येणाऱ्या नर्सने बजावलं, खोली चांगली उबदार ठेवा, हिला स्वतःची ऊब अजून धरता येत नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी वाढली, आणि हीट पंप काही घर तापवेना.

फोन आला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ आणि त्यांच्याकडे दुपार. काकांचा फोन कायम स्पीकरवर, कारण ते ओरडूनच बोलतात, त्यामुळे त्या दिवसांतला एकेक शब्द मी ऐकलाय. जावई म्हणाला, "बाबा, घर जरा गार वाटतंय." झालं! "वाटतंय म्हणजे? आकडा सांगा!" आकडा कसला सांगतो बिचारा, त्याच्याकडे बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात सोडायचा थर्मामीटर होता, पिवळ्या बदकाच्या आकाराचा. तेच बदक मग घरभर फिरलं. सोफ्यावर, पाळण्यात, मशीनच्या तोंडाशी. कुठेही धरा, सोळाच्या वर जाईना.

काकांनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. जाळ्या धुतल्या? धुतल्या. मोड 'ऑटो'वर नाही ना? नाही, 'हीट'वरच आहे. मशीनसमोर कपाट? नाही. घर तापलं की बंद करता आणि परत लावता का? "बंद करायचं नाही! थंडीत त्याला सतत चालू दे, हळूहळू तापतं ते." चालू ठेवलं. मशीन मधेमधे थांबतं? थांबतं. "थांबणारच. बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो, तो वितळवायला थांबतं. पण किती वेळा?" जावई म्हणाला, "सारखंच थांबतंय, बाबा." काका गळ्यातली बॅटरी उगाच लावत-विझवत राहिले. बाहेरचं मशीन बघितलंत का, असं मी विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "फोटो आहे ना माझ्याकडे! चारही बाजूंनी मोकळं आहे. मला शिकवू नकोस."

ज्यांनी पंप बसवला ते पुढच्या आठवड्यापर्यंत यायला तयार नव्हते. जावयाने एक छोटा विजेचा हीटर आणला आणि सगळी माणसं एकाच खोलीत राहू लागली. तरी बाळाचे पाय गारच. मग नर्सने सांगितलं, सोमवारी मी येईन, तोवर घर तापलं नाही तर बाळाला परत हॉस्पिटलात न्यावं लागेल. हे सांगताना लेकीचा आवाज फुटला. आणि मागून काकू म्हणतायत, "मी शेगडी पेटवते खोलीत. आपल्याकडे नाही का देत शेक? इथे कोळसे मिळतात दुकानात."

"अजिबात नाही!" काका असे ओरडले की माझ्या हातातला कप सांडला. "दारंखिडक्या बंद करून कोळसे पेटवणार? झोपेत मराल सगळे!" मग लेकीचा आवाज आला, अगदी सपाट, "बाबा, डोन्ट शाउट. तुमच्यामुळेच बॉयलर गेला." आणि फोन बंद. मला वाटलं आता काका भिंत पाडतील. ते मोरीत गेले, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी काका माझ्या दारात, त्याच अवतारात, फक्त चड्डीवर शर्ट. "बुरशी, चल. मोबाईल चार्ज आहे ना?" जुरोंगकडे त्यांच्या ओळखीचे एक टौके होते. टौके म्हणजे इथे शेठ. माशाचे गोळे करून ते हॉकर सेंटरांना, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांना, पुरवायचे आणि त्यांच्याकडे मोठी गोठणखोली होती. काका त्यांना म्हणाले, "टौके, आय वॉन्ट सिट इनसाइड. लिटल व्हाइल ओन्ली." टौकेंनी माझ्याकडे बघून स्वतःच्या डोक्याशी बोट फिरवलं. मी मान हलवली, म्हणजे हो, आहेतच असे. ते जाड कोट द्यायला लागले तर काका म्हणाले, नको. आणि अर्ध्या चड्डीत, सँडल घालून हा माणूस आत गेला आणि माशांच्या खोक्यावर बसला!

मी दाराच्या काचेतून बघतेय. समोर पंखा, त्याच्यामागे नळ्यांची जाळी, तिच्यावर पांढरा बर्फ धरलेला. काका हात पुढे करून त्या पंख्याची हवा अंगावर घेतायत, मग जाळीकडे बघतायत, मग परत हवा. थरथर सुरू झाली तरी उठेनात. टौकेच घाबरले, दार उघडून त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाले, "यू वॉन्ट डाय, गो अदर प्लेस डाय, लाह!" काकांचे ओठ निळे. दातखीळ बसल्यासारखं तोंड. मी रडकुंडीला आले. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? काही झालं असतं म्हणजे?"

काका कसेबसे म्हणाले, "मी आयुष्यात थंडी बघितलेली नाही, बुरशी."

मला कळेना हे काय बोलतायत. ज्या माणसाने जन्मभर गारवा करण्याचा धंदा केला तो! "दुसऱ्यांना गार केलं. स्वतः कायम मशीनच्या बाजूला, घामात. कोकण, मग हे. हीट पंप मी पुस्तकात वाचलाय. चालताना डोळ्यांनी कधी बघितला नाही." मी तर थक्कच झाले. एवढा आरडाओरडा, एवढं शिकवणं, जावयाचा चांगला बॉयलर काढायला लावला, आणि हे सगळं पुस्तकातलं? दोन सणसणीत शब्द माझ्या तोंडावर आले होते. पण काकांनी स्वतःच्या गार पडलेल्या हाताची बोटं गालाला लावली आणि म्हणाले, "एवढीशी आहे ती. तिला हे कसं सोसेल?" मी गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायली.

घरी आल्या आल्या त्यांनी जावयाला फोन लावला. आवाज बसला होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "जावईबापू, मला बाहेरचं मशीन दाखवा. फोटो नको. आत्ता, चालू असताना, समोर उभे राहून." जावई निघाला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला फटीतून वारा येऊ नये म्हणून काकूंनी गोधड्या कोंबल्या होत्या, त्या काढल्या. दार उघडलं, अंगणातला उजेड दिसला, आणि मग स्क्रीनवर जे आलं ते बघून मी तोंडावर हात ठेवला.

बाहेरच्या मशीनला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. न्हाणीघरातला फुलाफुलांचा पडदा, वरून कसली तरी ताडपत्री, दगड ठेवून नीट दाबलेली. आत मशीनच्या पंख्यासमोर दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर ओळीने बाळाची लंगोटं, दुपटी, झबली. सगळी पापडासारखी कडक झालेली. आणि मागे मशीनची जाळी दिसतच नव्हती, बर्फाची लादी होती नुसती.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

जावई गोंधळला. "म्हणजे? बाबा, मला वाटलं तुम्हीच सांगितलंत आईंना. आई तुम्हाला विचारल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत ना. म्हणून मी काही बोललो नाही."

मला एका क्षणात सगळं समजलं. आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एसीचं बाहेरचं मशीन खिडकीखालच्या कट्ट्यावर आहे आणि त्याच्यातून गरम हवेचा झोत येतो. काकू वर्षानुवर्षं त्या खिडकीत पायमोजे, पुसणी, पोह्यांचे पापड, सगळं वाळवत आल्या. माझी ओली छत्रीसुद्धा तिथेच वाळायची. बाहेरचं मशीन म्हणजे गरम हवा, हे त्यांना पाठ. ड्रायरमध्ये तान्ह्या बाळाचे कपडे घालायला त्यांचं मन धजेना, म्हणून तिकडेही त्यांनी तेच केलं. पण हीट पंप उलटा! तो बाहेरच्या हवेतली ऊब काढून घेतो आणि बाहेर टाकतो ती हवा बाहेरच्यापेक्षाही गार. कपडे वाळेनात तसं काकूंना वाटलं गरम हवा उडून जातेय, म्हणून त्यांनी प्लास्टिक लावलं. तरी वाळेनात, म्हणून आणखी घट्ट केलं. आत तीच गार हवा गोल गोल फिरत राहिली, ओल्या कपड्यांचं पाणी जाळीवर गोठत राहिलं आणि मशीन घर तापवायचं सोडून स्वतःचा बर्फ वितळवत बसलं. नातीसाठी जेवढी माया केली तेवढं घर गार होत गेलं! मला भयंकर वाईट वाटलं. आणि जावयाने ते प्लास्टिक बघितलं होतं. तरी त्याने विचारलं नाही, कारण काकांचा हुकूम असेल तर उलट विचारायचं कुणी?

स्क्रीनवर आता काकू आल्या होत्या, शालीचं टोक तोंडाला लावून. त्यांनाही समजलं होतं. त्यांच्या पुढे लेक येऊन उभी राहिली, बाळ छातीशी. "बाबा, आईला एक शब्द बोलायचा नाही. नॉट वन वर्ड. मी सांगून ठेवते."

रिमोट उलटा ठेवला म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस हा. आता काय काय ऐकावं लागणार!

काका म्हणाले, "हो. मीच सांगितलं होतं हिला. प्लास्टिक लाव म्हणालो होतो. माझी चूक आहे."

मी तीनताड उडाले. धडधडीत खोटं! एकेक फोन मी ऐकला होता, असलं अवाक्षर त्यांनी काढलं नव्हतं. या माणसाने स्वतःची चूक आयुष्यात कधी कबूल केलेली नाही, आणि आज नसलेली चूक अंगावर घेतोय! मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी मला फक्त डोळ्यांनी 'राहू दे' केलं. काकू करायच्या ना, तसंच. तिकडे काकूंनी शाल डोळ्यांना लावली. काकांनी बसक्या आवाजात पुढची कामं सांगायला सुरुवात केली. प्लास्टिक काढा. कपडे आत घ्या. बर्फावर काही मारू नका, पातळ पत्रे वाकतील. आतून साधं कोमट पाणी आणा आणि हळूहळू ओता. जावई पळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा जावयाने बोलण्याआधी बदकच कॅमेऱ्यासमोर धरलं. एकवीस. काकांनी तो आकडा मोठ्याने वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. सोमवारी नर्स येऊन बाळाचे पाय चाचपून गेली आणि हॉस्पिटलचं नाव निघालं नाही.

त्या सोमवारी फोन लेकीने केला. एकटीने. "बाबा, एक विचारू? आईने मला आधीच सांगितलं होतं, 'मी ते प्लास्टिक बाबांना न विचारता लावलंय, त्यांना बोलू नकोस, ओरडतील.' मग तुम्ही तिला कधी सांगितलंत?"

काका म्हणाले, "जाळी कशी आहे आता? बर्फ धरतोय?"

"बाबा."

"थोडा धरणारच. घाबरायचं नाही."

ती मग म्हणाली, "बाबा, तुम्ही या इकडे. कॅन ऑर नॉट?"

मी भाजी चिरत होते. सुरी तशीच राहिली. काका फोनकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस उड्या मारील. पण ते अगदी सरळ, कोड्यात पडल्यासारखे म्हणाले, "आता येऊन काय करू? मशीन तर नीट चाललंय."

हे त्यांनी रुसून म्हटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण ते मनापासून विचारत होते. काही बिघडलेलं नसताना आपल्याला कुणी का बोलवावं, हे त्या माणसाला खरंच कळत नव्हतं. लेकीलाही ते कळलं असावं, कारण तिचा आवाज एकदम लहान झाला. "मशीन बघायला नाही हो बाबा. नातीला बघायला या."

फोन ठेवल्यावर काका खुर्चीत बसून राहिले. मग स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि मी भाजी चिरत होते तिकडे बघत म्हणाले, "बुरशी, तान्ह्या पोराला धरतात कसं गं?"

"म्हणजे?"

"लेकीला मी कधी धरलंच नाही लहानपणी. कामावर असायचो. पडेल म्हणून भीती वाटायची."

मला तरी कुठे येत होतं? पण माझ्या बहिणीच्या मुलाला मी धरलं होतं थोडंफार. फडताळातून तांदळाची पिशवी काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. "एक हात मानेखाली, काका. मान धरत नाहीत ती अजून. दुसरा पाठीखाली. घट्ट नाही, पण सोडायचं पण नाही." काकांनी पिशवी घेतली. अख्ख्या इमारतींची यंत्रं खोलणारे ते हात पिशवीखाली अवघडून राहिले. कोपर जवळ घेतलं, मान नीट केली, जरा हलवून बघितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि रडायला लागली तर?"

"रडणारच, काका. बाळं रडतातच."

"म्हणजे बिघाड नाही?"

"नाही हो," मी म्हटलं, "बिघाड नाही." ते मान हलवून पिशवी छातीशी धरून स्वयंपाकघरातच फेऱ्या घालू लागले, आणि मी भाजीकडे तोंड वळवून डोळे पुसले.